थाबा-त्सेकाचं कुंपण: लेसोथोत परकी मदत कशी आली आणि काय करून गेली

४ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसपुढे बोलताना डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘वाया गेलेल्या’ परकी मदतीची यादी वाचून दाखवली. तीत ८० लाख डॉलरची एक नोंद होती. ही रक्कम ज्या देशाच्या नावावर पडली होती त्याचं नाव आजवर कुणी ऐकलेलंच नाही, असं ते म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. तो देश लेसोथो. महिनाभरात, २ एप्रिलला, याच देशाच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर झालं. त्या दिवशीच्या तक्त्यातलं ते सर्वांत जास्त.

सभागृहाला माहीत नसेल, पण विकास संस्थांच्या वर्तुळात लेसोथोचं नाव गेली पन्नास वर्षं सगळ्यांच्या तोंडी आहे. १९७५ ते १९८४ या दहा वर्षांत इथे मदत घेऊन कोण कोण आलं याची यादी मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन यांनी जमवली होती. ती २७ देश आणि ७२ आंतरराष्ट्रीय व बिगरसरकारी संस्था इतकी झाली. १९७९ या एका वर्षात ६.४ कोटी डॉलरची अधिकृत मदत आली, म्हणजे तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत डोईमागे ४९ डॉलर. एवढ्याशा देशात एवढी मंडळी का जमली आणि जमून त्यांनी काय केलं, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी नकाशा. क्षेत्रफळ ३०,३५५ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाइतकं. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका. कुठूनही बाहेर पडायचं तर पाय त्याच देशात पडतो. संपूर्ण भूभाग समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर असलेला हा जगातला एकमेव देश. लोकसंख्या वीस लाखांच्या थोडी पुढे. नाव लेसोथो असं लिहितात, पण तिथले लोक ‘लिसूटू’ म्हणतात. लोक ते बासोथो आणि त्यांची भाषा सेसोथो.

हे राष्ट्र उभं केलं मोश्वेश्वे पहिला या राजाने. थाबा बोसिऊ नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर त्याची राजधानी होती. १८३३ मध्ये पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशनचे तिघे जण तिथे पोचले. मोश्वेश्वेने त्यांना बोलावून घेतलं ते बाप्तिस्म्यासाठी नव्हे. गोऱ्यांशी पत्रव्यवहार करायला, त्यांचे डावपेच समजून घ्यायला त्याला माणूस हवा होता. त्यांतले युजीन कासालिस तर राजाचे जणू परराष्ट्र सचिवच झाले. लेसोथोतले पहिले परदेशी सल्लागार हेच म्हणायला हरकत नाही, आणि इथे सल्लागाराचं काम यजमानाने ठरवून दिलं होतं. पुढे असं फारसं घडलं नाही.

मिशनऱ्यांच्या १८३७च्या नोंदींत बासोथोंच्या घरी चार ते आठ वर्षं पुरेल इतकं धान्य साठवलेलं असल्याचा उल्लेख येतो. पुढच्या दशकात आसपासचे गोरे शेतकरीच इथे धान्य विकत घ्यायला येत. हे मुद्दाम सांगतोय, कारण शंभर-सव्वाशे वर्षांनी आलेल्या तज्ज्ञांना इथे ‘आधुनिक बाजार कधी न पाहिलेला शेतकरी’ दिसणार होता.

मग जमीन गेली. शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटमधल्या बोअरांशी, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांशी, एकामागून एक लढाया झाल्या. अगदीच निभेना तेव्हा मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं छत्र मागितलं, आणि १२ मार्च १८६८ रोजी हा देश बासुटोलँड या नावाने ब्रिटिशांच्या ताब्यात आला. राष्ट्र वाचलं, पण कॅलेडन नदीच्या पश्चिमेची काळी कसदार जमीन कायमची हातची गेली. राहिले ते डोंगर आणि पायथ्याची चिंचोळी पट्टी.

त्याच सुमारास किंबर्लीला हिरे सापडले आणि पाठोपाठ जोहान्सबर्गला सोनं. सुरुवातीला बासोथोंनी या खाणींच्या गावांना धान्य विकून चांगला पैसा केला. मग रेल्वे आली आणि अमेरिकेतलं, ऑस्ट्रेलियातलं स्वस्त धान्य त्याच बाजारात उतरलं. १८९६-९७ मध्ये रिंडरपेस्टच्या साथीने गुरं मेली. झोपडीमागे रोख कर तर भरावाच लागत होता. पुरुष खाणीत जाऊ लागले, आणि एकदा गेले ते शंभर वर्षं जातच राहिले. मुंबईच्या गिरण्यांवर कोकण ज्या मनीऑर्डरने जगलं, तसंच हे. फरक एवढाच, की कोकणातल्या माणसाला गिरणगावात बिऱ्हाड थाटायची मनाई नव्हती. बासोथो खाणकामगाराला कराराचे महिने भरले की परतावंच लागे, आणि बायकोला बरोबर नेण्याचा प्रश्नच नव्हता. १९६३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने सीमेवरची तपासणी कडक केली, तेव्हा बायकांना एकटीने पलीकडे कामाला जायची उरलीसुरली वाटही बंद झाली.

वसाहतीच्या काळात ‘विकास’ या नावाने इथे जे पहिलं मोठं काम झालं त्याचा धागा आपल्याकडून जातो. १९३५ मध्ये बासुटोलँडच्या आर्थिक स्थितीची पाहणी करायला लंडनने सर ॲलन पिम यांना पाठवलं. पिम हे भारतातल्या संयुक्त प्रांतात आयुष्य काढलेले निवृत्त आयसीएस अधिकारी. कारभाराबरोबरच जमिनीच्या धुपेची गंभीर दखल त्यांनी घेतली, आणि त्यानंतर डोंगरउतारांवर समपातळी बांध घालण्याची मोहीम सुरू झाली. पावसाने जमीन चिरत गेलेल्या खोल घळींना तिथे ‘डोंगा’ म्हणतात. दोष बासोथोंच्या शेतीला आणि गुरांना दिला गेला. पुढे इतिहासकार केट शॉवर्स यांनी जुनी कागदपत्रं आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी पडताळून दाखवलं, की अनेक ठिकाणी घळी पडल्या त्या बांधांमुळेच. बांधांनी पाणी एका जागी गोळा केलं, आणि जिथे ते फुटलं तिथे जमीन उघडी पडली. गावकरी हे तेव्हाच सांगत होते. अहवालात मात्र ते ‘अडाणी’ ठरले.

४ ऑक्टोबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला. पहिली काही वर्षं सरकारी पगारसुद्धा ब्रिटनच्या अनुदानातून भागत. १९७० ची निवडणूक हरतोय असं दिसताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी ती रद्द केली, आणीबाणी लावली आणि विरोधकांना तुरुंगात टाकलं. ब्रिटनने मदत थांबवली, पण काही महिन्यांपुरतीच. नंतर आलेल्या देणगीदारांनी हा विषय फारसा काढला नाही.

ते आले ते प्रामुख्याने शेजाऱ्यामुळे. १९७६ मध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने ट्रान्सकाई हा आपल्याच पोटातला तुकडा ‘स्वतंत्र देश’ म्हणून जाहीर केला आणि लेसोथोने त्याला मान्यता नाकारली. सीमेवरच्या चौक्या बंद झाल्याची तक्रार घेऊन लेसोथो संयुक्त राष्ट्रांत गेला. २२ डिसेंबर १९७६ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ४०२ करून जगाला लेसोथोला आर्थिक मदत करण्याचं आवाहन केलं. वर्णभेदी राजवटीशी व्यापार तर चालू ठेवायचा, पण तिच्या विरोधात आहोत हेही दिसायला हवं, अशा पेचात असलेल्या पाश्चात्त्य सरकारांना ही आयती सोय झाली. जोनाथन यांनी ती ओळखली होती आणि तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

मदत द्यायची तर आधी कशाकरता ते कागदावर मांडावं लागतं. जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालात स्वातंत्र्याच्या वेळचा लेसोथो असा रंगवला आहे: पारंपरिक, पोटापुरतं पिकवणारा शेतकरी समाज, आधुनिक आर्थिक विकासाचा जवळपास स्पर्शही न झालेला. हा अहवाल लिहिला गेला तेव्हा देशातले लाखाहून जास्त पुरुष जगातल्या सर्वांत खोल सोन्याच्या खाणींत, हातात ड्रिल घेऊन, पाळ्यांमध्ये काम करत होते. ग्रामीण कुटुंबाच्या उत्पन्नातला सुमारे ७० टक्के वाटा या मजुरीचा होता आणि शेतातल्या पिकाचा जेमतेम ६ टक्के. १९७४ पासून तर खाणकामगाराच्या पगारातला ६० टक्के भाग सक्तीने लेसोथोच्या बँकेत जमा होत असे. हे आकडे कुणी दडवलेले नव्हते. फक्त, खाणमालकांना मजुरी वाढवायला किंवा वर्णभेद संपवायला कोणताच विकास प्रकल्प सांगू शकत नव्हता. बियाणं, खत, रस्ता आणि सुधारित वळू मात्र तो देऊ शकत होता. तेव्हा रोगही त्या औषधाला साजेसा लिहिला गेला, असं फर्ग्युसन यांचं म्हणणं. मला ते पटतं.

थाबा-त्सेका प्रकल्प याच कागदातून निघाला. १९७५ ते १९८४, पैसा कॅनडाच्या विकास संस्थेचा आणि जागतिक बँकेचा. जागा देशाच्या मध्यावरचे डोंगर. राजधानी मासेरूहून तिकडे जाणाऱ्या घाटवाटेत एका खिंडीचं नावच ‘मोलिमो न्थुसे’ आहे, म्हणजे ‘देवा, धाव’. प्रकल्पाने तिकडे बारमाही रस्ता नेला. हेतू असा, की डोंगरातला शेतकरी आपला माल खाली बाजारात आणील. रस्ता झाला आणि खालूनच वर माल येऊ लागला. दक्षिण आफ्रिकेत यांत्रिक शेतीवर आणि सरकारी अनुदानावर पिकलेला मका ट्रकने थेट डोंगरात पोचला, आणि वरच्या शेतकऱ्याला जे थोडंफार विकायला जमत होतं तेही महाग ठरलं.

गुरांचं प्रकरण याहून बोलकं आहे. अधिकाऱ्यांच्या लेखी माळावर गुरं फार झाली होती, मरतुकडी होती आणि लोक ती वेळेवर विकत नव्हते. म्हणून ठरलं, की काही चराऊ जमीन तारेच्या कुंपणाने वेगळी काढायची, पशुपालकांची संघटना करायची आणि मोजक्या, जातिवंत जनावरांची व्यापारी पैदास दाखवून द्यायची.

बासोथो घरात गुरांचा हिशेब निराळा होता. खाणीतून नवरा पगार आणतो. नोटा घरात राहिल्या तर मीठ, रॉकेल, पोरांची फी, दीराची अडचण यांत त्या संपणारच, आणि त्या मागायचा हक्क बायकोला आहे, नातलगांना आहे. त्याच पैशाची गाय घेतली की तो पैसा अडकला. मोठं संकट आल्याशिवाय गाय विकायची नाही, हा सगळ्यांनी मानलेला नियम. शिवाय नवरा वर्षातले दहा महिने परगावी असला तरी त्याची गुरं गावात दिसतात. काही ‘माफिसा’ म्हणून दुसऱ्याकडे सांभाळायला दिलेली असतात. तो दूध काढतो, नांगराला जुंपतो आणि मालकाचं नाव राखतो. खाण सुटल्यावर पेन्शन नव्हती. ही गुरं हीच पेन्शन. बायकांचा यावर राग असायचा आणि तो रास्तही होता, कारण दुष्काळात मेलेल्या जनावराबरोबर घरची शिल्लकही मरे. पण ‘बाजारभावाची कल्पना नाही म्हणून विकत नाहीत’ हे निदान साफ चुकीचं होतं. भाव सगळ्यांना तोंडपाठ होता.

कुंपण पडलं तेव्हा बाहेर राहिलेल्यांचा सवाल सोपा होता. हा माळ सगळ्या गावाचा, मग आता काही जणांचाच कसा? जागोजाग तारा तोडल्या गेल्या, फाटकं चोरीला गेली, आत गुरं मोकाट चरू लागली. संघटनेच्या व्यवस्थापकाचं कार्यालय जळालं. कॅनडाहून आलेल्या अधिकाऱ्याला जिवाची धास्ती वाटू लागल्याचं लोक सांगत.

१९८४ ला प्रकल्प आटोपला. शेती बदलली नाही, गुरं कमी झाली नाहीत. थाबा-त्सेका मात्र जिल्ह्याचं ठाणं झालं. प्रकल्पासाठी बांधलेल्या इमारतींत आणि भोवती पोस्ट, पोलीस ठाणं, तुरुंग, इमिग्रेशन नियंत्रणाची कचेरी आली. जिथे सरकारचा माणूस घोड्यावर बसून कधीमधी यायचा, तिथे तो कायमचा राहायला आला. त्या डोंगरांत विरोधी पक्षाचं चांगलं बळ होतं, हे लक्षात घेतलं की याचं महत्त्व कळतं. हे कुणी कट करून घडवलं असं फर्ग्युसनही म्हणत नाहीत. गरिबीचा प्रश्न तांत्रिक ठरवला की सत्तेचा प्रश्न आपोआप झाकला जातो, आणि झाकणाखाली सत्ता मुक्कामाला येते, एवढंच त्यांचं प्रतिपादन. पुढे जगभरच्या विकास-अभ्यासात थाबा-त्सेका हे नाव पाठ्यपुस्तकी झालं ते यामुळे.

सामान्य बाईच्या अनुभवात मदत म्हणजे काय होतं, ते ‘फाटो-फाटो’ या शब्दात आहे. धान्याच्या मोबदल्यात रस्ता खणायचा, दगड फोडायचे, बांध घालायचे. रोजगार हमीचीच जात, फक्त मजुरी मक्याचं पीठ, डाळ, तेलाचा डबा अशी. पुरुष खाणीत, म्हणून कुदळ बायकांच्या हाती. जागतिक अन्न कार्यक्रमाचं धान्य साठच्या दशकापासून इथे येतंय आणि फाटो-फाटोच्या याद्यांत कुणाचं नाव घालायचं यावर प्रत्येक सरकारने राजकारण केलंय.

यानंतर आलं पाणी, आणि पाण्यापुढे आधीचे सगळे प्रकल्प किरकोळ वाटावेत.

कोरड्या जोहान्सबर्ग परिसराला लेसोथोच्या डोंगरातलं पाणी बोगद्यांतून न्यायचं, ही कल्पना पन्नासच्या दशकापासूनची. जोनाथन सरकार करार लांबवत होतं. शिवाय वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या निर्वासितांना मासेरूत आसरा होता. ९ डिसेंबर १९८२ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेच्या कमांडोंनी मासेरूत घुसून ४२ माणसं मारली. त्यांत १२ बासोथो होते. १ जानेवारी १९८६ पासून सीमेची नाकेबंदी झाली. २० जानेवारीला मेजर जनरल जस्टिन लेखान्या यांनी जोनाथन यांना हटवलं. २४ ऑक्टोबर १९८६ ला पाण्याचा करार झाला. संसद तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेला उघडपणे जागतिक कर्ज मिळत नव्हतं. तोडगा असा निघाला, की कर्जदार म्हणून नाव लेसोथोचं लागायचं आणि परतफेड लंडनमधल्या एका न्यासामार्फत दक्षिण आफ्रिकेने करायची. जागतिक बँकेने पहिल्या टप्प्याला ११ कोटी डॉलर दिले. रकमेपेक्षा बँकेचा शिक्का महत्त्वाचा होता. त्याच्या भरवशावर बाकीचे सावकार आले. निर्बंधांच्या काळात याला काय म्हणायचं ते वाचकाने ठरवावं.

या प्रकल्पातलं काट्से धरण १८५ मीटर उंच आहे. कोयनेची उंची १०३ मीटर, म्हणजे अंदाज येईल. कोयनेशी त्याचं आणखी एक दुःखद साम्य निघालं. जलाशय भरू लागल्यावर जमिनीला हादरे बसू लागले आणि १९९६ च्या सुरुवातीला मापेलेंग गावातून लांबलचक भेग गेली, घरांना तडे पडले. १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि धरणातलं पाणी यांचा संबंध जगभर चर्चिला गेला होता, तरी मापेलेंगच्या लोकांना हे आधी कुणी समजावून सांगितल्याचं दिसत नाही.

बुडालेल्या शेताची भरपाई जमिनीने होणार नव्हती, कारण डोंगरात पिकाऊ जमीन दुसरी नव्हतीच. ठरलं ते असं: क्षेत्राच्या हिशेबाने दर साल मका आणि कडधान्य, पन्नास वर्षं. शेतकरी कुटुंब दरवर्षी रांगेत उभं राहून आपल्याच शेतातलं न पिकलेलं धान्य पोत्याने घेऊ लागलं. पोत्यात कडबा नसतो, शेताच्या कडेची रानभाजी नसते. चुलीला लागणारी झुडपं आणि छपराचं गवतही पाण्याखाली गेलं होतं. त्यांच्या भरपाईवर वेगळे वाद झाले. १९९८ च्या जानेवारीत पाणी दक्षिण आफ्रिकेला पोचल्याचा सोहळा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवडणुकीच्या वादातून मासेरूत गोंधळ माजला आणि दक्षिण आफ्रिकेचं, आता मंडेलांच्या काळातलं, सैन्य लेसोथोत शिरलं. त्याने हेलिकॉप्टरने ताबा घेतलेल्या पहिल्या ठिकाणांत काट्से होतं. तिथे लेसोथोचे १६ सैनिक मारले गेले.

या प्रकल्पातलं एक प्रकरण मात्र लेसोथोच्या अभिमानाचं आहे. विकास प्राधिकरणाचे मुख्य अधिकारी मासुपा सोले यांच्या स्वित्झर्लंडमधल्या खात्यांवर परदेशी कंपन्यांचे पैसे मध्यस्थांमार्फत जमा होत असल्याचं हिशेबतपासणीनंतर बाहेर आलं. लाच घेणाऱ्याला शिक्षा सगळीकडेच कधी ना कधी होते. सोले यांना २००२ मध्ये झाली. लेसोथोने लाच देणाऱ्यालाही कोर्टात उभं केलं. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनडाची एकर्स इंटरनॅशनल ही सल्लागार कंपनी दोषी ठरली, पुढल्या वर्षी जर्मनीची लाहमायर. खटल्याचा बोजा या गरीब देशाच्या तिजोरीनेच उचलला. जागतिक बँकेने एकर्सला आपल्या कामांतून तीन वर्षं बाहेर ठेवलं, पण ते २००४ मध्ये, निकालानंतर दोन वर्षांनी.

तोवर खाणी आटू लागल्या होत्या. १९९० च्या आधी सव्वा लाखाच्या घरात असलेले बासोथो खाणकामगार वीसेक वर्षांत निम्म्याहून खाली आले. जागा घेतली कपड्यांच्या कारखान्यांनी. २००० च्या अमेरिकन कायद्याने आफ्रिकी देशांच्या मालाला अमेरिकेत आयातशुल्काची माफी मिळाली, तैवानी मालक आले आणि मासेरू नि मापुत्सोएच्या शेडमध्ये जीन्स शिवणाऱ्या कामगारांची, बहुतेक बायकांचीच, संख्या २००४ च्या सुमारास पन्नास हजारांवर गेली. खाणीतला नवरा घरी बसला आणि बायको मशीनवर गेली, असं घराघरात झालं.

आणि याच वर्षांत एड्स. खाणीच्या पुरुषी वसतिगृहांपासून डोंगरातल्या घरापर्यंत तो त्याच मजुरीच्या वाटेने चालत आला. दर चार प्रौढांमागे जवळपास एकाला लागण. १९९० च्या सुमारास साठीला टेकलेलं सरासरी आयुर्मान २००५ च्या आसपास पंचेचाळीसच्या खाली-वर आलं. इथे बाहेरच्या मदतीने खरोखर जीव वाचवले, हे निःसंकोच लिहायला हवं. मोरिजा गावातल्या स्कॉट रुग्णालयाच्या परिसरात डॉक्टरांची वाट न पाहता परिचारिकांनीच औषधं सुरू करायची पद्धत बसवली गेली. रक्ताचे नमुने मोटारसायकलवरून प्रयोगशाळेत जाऊ लागले, सर्वांत दुर्गम दवाखान्यांना छोट्या विमानांनी माणसं आणि औषधं पोचू लागली. अमेरिकेने २००६ पासून या एका कामात ६३ कोटी डॉलरहून जास्त घातले. थाबा-त्सेकाच्या कुंपणाशी तुलना केली तर फरक कळतो. गोळी घेणाऱ्या बाईला आधी ‘शेतकरी’ ठरवावं लागत नव्हतं.

अर्थात आरोग्यातही कागदी हुशारी झाली. जागतिक बँक गटाच्या सल्ल्याने मासेरूत खासगी भागीदारीतलं मोठं रुग्णालय २०११ मध्ये उघडलं. आधीच्या जुनाट इस्पितळापेक्षा उपचार सुधारले, पण करार असा होता की वाढत्या रुग्णांबरोबर सरकारचं बिलही वाढत गेलं. हे एक रुग्णालय देशाच्या आरोग्य खर्चाचा ५१ टक्के भाग खातंय, असं ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०१४ मध्ये म्हटलं. बँकेने आकडा अमान्य केला. २०२१ मध्ये सरकारने करारच मोडला.

अटींचा एक फायदाही सांगतो. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज निधीतून २००७ मध्ये ३६.२ कोटी डॉलरचा करार झाला, त्याआधी २००६ मध्ये लेसोथोने कायदा करून विवाहित स्त्रीला स्वतःच्या सहीने कर्ज घ्यायचा, मालमत्ता नावावर करायचा हक्क दिला. तोपर्यंत कायद्याच्या नजरेत ती नवऱ्याच्या ताब्यातली अज्ञान व्यक्ती होती. बासोथो स्त्री-संघटना हे वर्षानुवर्षं मागत होत्या; निधीच्या अटीने सरकार हललं.

उलट, गावांत सर्वांत आपुलकीने ज्या योजनेबद्दल बोललं जातं ती कोणत्याही देणगीदाराची नाही. नोव्हेंबर २००४ पासून सत्तरी ओलांडलेल्या जवळपास प्रत्येकाला सरकार आपल्या पैशातून पेन्शन देतं. सुरुवात महिना १५० मलोटीने (लेसोथोचं चलन) झाली. एड्सने मधली पिढी नेल्यावर नातवंडं आजीकडे आली होती, आणि महिन्याच्या ठरल्या दिवशी पोस्टासमोर घोंगड्या पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या पैशांतून शाळेचे गणवेश निघाले. हा पैसा मुख्यतः येतो १९१० पासून चालत आलेल्या दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघाच्या वाट्यातून. म्हणजे शेजाऱ्यापासून सुटका इथेही नाहीच.

जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने परकी मदत गोठवली तेव्हा एड्सच्या कामावरचे कर्मचारी एका आदेशाने घरी बसले. १ जुलैपासून यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेचं कामच बंद झालं. शुल्काचा आकडा ऑगस्टमध्ये ५० वरून १५ टक्क्यांवर आला, पण तोवर अमेरिकी खरेदीदारांनी ऑर्डरी आवरत्या घेतल्या होत्या. जुलैत सरकारने बेरोजगारीलाच राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलं. पंतप्रधान सॅम मटेकाने हे बांधकाम आणि हिऱ्यांच्या धंद्यातून वर आलेले उद्योजक, आणि गाव थाबा-त्सेका जिल्ह्यातलं.

पाण्याचं काम मात्र थांबलेलं नाही. पोलिहाली इथे दुसऱ्या टप्प्याचं धरण उभं राहतंय. त्याला आफ्रिकी विकास बँकेचं कर्ज आहे, आणि ब्रिक्स देशांच्या, म्हणजे भारताचाही हिस्सा असलेल्या, नव्या विकास बँकेने ३२० कोटी रँड (दक्षिण आफ्रिकेचं चलन) मंजूर केले आहेत. तिथल्या गावांत शेतांची, झाडांची, कबरींची मोजणी होऊन गेली. काट्सेच्या काठी पहिल्या टप्प्यातल्या कुटुंबांना अजून दर साल मक्याची पोती मिळतात. त्यांची पन्नास वर्षं २०४० च्या दशकात भरतील.